जैन पाकघराची वाटचाल : नियम श्रावकाचाराचा, चव या मातीची

समाजाचा इतिहास शिलालेखांत, ताम्रपटांत आणि ग्रंथभांडारांत जसा जतन झालेला असतो, तसाच तो त्या समाजाच्या स्वयंपाकघरातही असतो. मंदिर कोणी बांधले, प्रतिष्ठा कोणाच्या हस्ते झाली, याच्या नोंदी मिळतात. परंतु ज्या माता-भगिनींनी चुलीपुढे बसून धर्माचे आचरण रोजच्या ताटात उतरविले, त्यांच्या कार्याची नोंद क्वचितच झाली. महाराष्ट्रातील जैन पाकघराने आपला नियम सोडला नाही आणि ज्या भूमीत वास्तव्य केले तिची चवही नाकारली नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा साधल्या, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

विवेकाची चौकट

आहारविवेकाची चौकट आचार्यांनी घालून दिली. आचार्य समंतभद्र यांच्या 'रत्नकरंड श्रावकाचार' या ग्रंथात मुळा, ओले आले, लोणी असे पदार्थ वर्ज्य सांगितले आहेत आणि त्याचे कारणही दिले आहे : लाभ अल्प, जीवांचा घात मोठा. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्रा'त अनंतकाय, रात्रिभोजन, तसेच कच्च्या गोरसाशी द्विदल धान्य मिसळणे यांचा निषेध केला. ओल्या आल्याऐवजी सुंठ आणि ओल्या हळदीऐवजी वाळलेली हळद वापरणारी, कढी करताना ताक आधी तापवून मगच त्यात बेसन घालणारी गृहिणी या ग्रंथांची नावे सांगू शकेलच असे नाही. तिला ते तिच्या सासूने सांगितलेले असते, आणि सासूला तिच्या सासूने.

नियम कडक असला तरी त्यामुळे पाककला खुंटली नाही. दहाव्या शतकातील 'वड्डाराधने' या शिवकोट्याचार्यांच्या कन्नड जैन कथाग्रंथात 'इड्डलिगे' या पदार्थाचा उल्लेख येतो. इडलीच्या सर्वांत जुन्या लिखित उल्लेखांत त्याची गणना होते. पुढे इ.स. १५०८ च्या सुमारास तिसरा मंगरस या जैन कवीने कन्नडमध्ये 'सूपशास्त्र' हा पाकग्रंथ पद्यात रचला. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या पट्ट्यातील जैन समाजाचे कर्नाटकाशी असलेले शतकानुशतकांचे नाते लक्षात घेता, हा वारसा या भागालाही परका नाही.

मिरची स्वीकारली, बटाटा नाही

'सूपशास्त्रा'नंतर अवघ्या दोन वर्षांनी, म्हणजे १५१० साली, पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्या जहाजांतून अमेरिका खंडातील अनेक पिके या देशात आली. तोपर्यंत भारतीय जेवणातील तिखटपणा मिरे आणि पिंपळी यांचा होता. मिरची, भुईमूग, मका, पेरू, पपई ही सर्व नंतरची मंडळी. 'बटाटा' हा शब्दच मुळी पोर्तुगीज आहे आणि त्याची लागवड सर्वत्र पसरली ती इंग्रजी अमदानीत.

येथे जैन पाकघराची खरी परीक्षा झाली. या नव्या वस्तू प्राचीन आचार्यांना ठाऊक असणे शक्यच नव्हते. तरीही निर्णय अडला नाही. मिरची झाडावर लागते, ती स्वीकारली गेली. बटाटा जमिनीखालचा कंद, तो नाकारला गेला. भुईमुगाची शेंग मातीत वाढत असली तरी ती कंद नव्हे, बीज आहे, म्हणून बहुतेक घरांत तिला प्रवेश मिळाला. नियम केवळ वस्तूंच्या यादीचा असता तर नव्या वस्तूपुढे तो निरुत्तर झाला असता. तो विचाराचा होता, म्हणूनच टिकला.

तीन प्रवाह

महाराष्ट्रातील जैन पाकघर एकजिनसी नाही. दक्षिण महाराष्ट्रातील दिगंबर जैन समाज प्रामुख्याने शेतकरी. त्याचे अन्न ज्वारीची भाकरी, झुणका, पुरणपोळी आणि कटाची आमटी. दुसरा प्रवाह गुजरातेतून आला. त्याने खाखरा, ठेपले, ढोकळा आणले. तिसरा राजस्थानातून आला. त्याने गट्टे, केर-सांगरी, मुगोडी आणि पापड आणले. व्यापारानिमित्त हे येणे जुनेच होते. १८५३ नंतर रेल्वेने ते सुकर केले आणि संवत १९५६ च्या, म्हणजे १८९९-१९०० च्या भीषण 'छप्पनिया' दुष्काळाने मारवाडातील अनेकांना घर सोडणे भाग पाडले.

आलेली कुटुंबे येथील मातीशी समरस झाली. सोलापूरकडील गुजराती घरांत ज्वारीची भाकरी आणि लसणाविना कुटलेली शेंगांची चटणी रुजली. खानदेशात वरण-बट्टी आणि मारवाडी दाल-बाटी एकमेकींच्या बहिणी शोभतात. ठेच्यातून लसूण गेला, हिंग आला. बटाट्याच्या जागी कच्चे केळे आले. पर्वतिथीला हिरवी भाजी वर्ज्य, म्हणून उन्हाळ्यात घातलेल्या मुगाच्या वड्या आणि पापड वर्षभर उपयोगी पडत. नित्याचा आचार घराघरांत कमी-अधिक कडक असे, परंतु चातुर्मास आणि पर्युषणात सर्व चुली एका शिस्तीत येत.

गाळणे, जाते आणि घड्याळ

या शिस्तीची साधने साधी होती. पाणी गाळण्याचे कापड जाड विणीचे, दुपदरी. छत्तीस अंगुळे लांब व चोवीस अंगुळे रुंद असे त्याचे परंपरागत माप. विरळ विणीचे वा फाटके कापड चालत नसे. गाळून झाल्यावर कापडावरील सूक्ष्म जीव त्याच विहिरीत अलगद सोडावयाचे. यालाच जिवाणी म्हणत. नळ आले, तसे घरोघरी तोटीला कापड बांधले गेले. परंतु पाण्याचा मूळ साठा कोसभर दूर राहिल्याने जिवाणी कोठे सोडावी, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. पिठालाही मर्यादा होती : पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. म्हणून जाते सतत फिरत असे. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे यासाठी दिवस मावळण्याच्या आत डबा दुकानावर पोहोचे. गिऱ्हाईक समोर बसलेले असले तरी शेटजी पाच मिनिटे आत जाऊन चौविहार साधून येत.

ताटाचा विस्तार

या पाकघराची थोरवी केवळ वर्ज्यावर्ज्यात नाही. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये सातारा येथे वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र जेवत. या मुलांची आई झाल्या त्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या माउलीने मुलांना रांधून वाढले आणि धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही विकले. १९३० साली त्यांचे निधन झाले. जीवदयेचा नियम ज्या चुलीवर शिकला जातो, त्याच चुलीतून भुकेल्या लेकरांविषयीची करुणाही उमलते, याचे याहून थोर उदाहरण शोधावे लागणार नाही.

आजची जबाबदारी

कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० साली मराठी घरांतील पाककृतींना वाटी-चमच्याचे निश्चित माप दिले आणि असंख्य नवपरिणीत मुलींना आधार मिळाला. तिथी, ऋतू आणि मर्यादा यांची सांगड घालणारे जैन घरांतील ज्ञान मात्र बहुतांशी तोंडीच राहिले. आज उपाहारगृहांच्या यादीत 'जैन' हा शब्द सर्रास दिसतो. त्याचा अर्थ मात्र 'कांदा-लसूण नाही' एवढाच उरला आहे. पाणी, पीठ, काळ आणि कारण यांचा विचार त्यातून गळून पडला. नियम उरला आणि त्यामागील विवेक हरपला, तर पुढील पिढीला तो केवळ जाच वाटेल.

हे ज्ञान ज्यांच्यापाशी आहे, त्या आज्या-पणज्या ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या मापांत वाटी नाही, मूठ आणि चिमूट आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल वर्षी प्रत्येक घराने आपल्या ज्येष्ठ मातेजवळ एक संध्याकाळ बसून एक तरी पदार्थ, त्याचे माप, त्याची तिथी आणि त्यामागचे कारण वहीत उतरवून घ्यावे. दानशूरांची नावे संगमरवरावर कोरली जातात, ते योग्यच आहे. पन्नास वर्षे ज्यांच्या हातच्या अन्नाने व्रते पार पडली आणि तपस्व्यांची पारणी झाली, त्यांच्यासाठी निदान वहीचे एक पान असावे.