ताट, पाट आणि कायदा

वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले, तेव्हा म्हाताऱ्या आईबापांना मुलांकडे पोटगी मागता येईल असे कलम फौजदारी प्रक्रिया संहितेत नव्हते. १८९८ च्या संहितेतील ४८८ वे कलम बायको आणि मुले यांच्यापुरतेच होते. हिंदूंसाठी १९५६ च्या कायद्याने वृद्ध आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकली होती खरी. पण ती दिवाणी वाट, आणि त्या वाटेने चालत राहण्याइतका वेळ म्हातारपणी कोणाजवळ असतो? १९७४ साली लागू झालेल्या नव्या संहितेने १२५ व्या कलमात आईवडिलांना जागा दिली. गणपतराव बेलवलकर रंगमंचावर घर मागत होते, त्याच वर्षांतली ही गोष्ट. नाटकामुळे कायदा झाला असे आम्हाला मुळीच सुचवायचे नाही. पण हा शेजार लक्षात घेतला की नाटक थोडे निराळे दिसू लागते.

बेलवलकरांना मुलांच्या घरी अन्न मिळत असते, छप्परही असते. १२५ व्या कलमाखाली त्यांनी काय मागितले असते? न्यायालय महिन्याची रक्कम ठरवते. लेकीच्या घरी आलेला चोरीचा आळ त्या रकमेत कुठे बसवायचा? कायद्याने पुढे पोटगीची कक्षा वाढवली. कल्याणला वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या एका विवाहित मुलीविरुद्ध वडिलांनी केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८७ साली निकाल लागला, की लग्नानंतरही मुलगी ही मुलगीच राहते. मात्र तिच्याजवळ नवऱ्याच्या मिळकतीखेरीज स्वतःचे पुरेसे साधन हवे. निकाल महत्त्वाचा होता. मोजला गेला तो पुन्हा पैसाच.

‘भरले ताट द्यावे, पण बसायचा पाट देऊ नये’ ही आपल्याकडची जुनी म्हण. बेलवलकर नेमका पाटच देतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे २३ वे कलम जणू याच म्हणीवर बेतलेले आहे: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळले नाही, तर ते हस्तांतर रद्द ठरवता येते. पण अट हवी. तशी अट असल्याचे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ उदारपणे लावायला हवा असे सांगितले. मुलांकडून अट लिहून घेणे बेलवलकरांच्या स्वभावातच नाही. त्यांचा साहित्यिक पूर्वज किंग लिअर मात्र अट घालतो. शंभर सरदार दिमतीला, आणि महिनाभर एकीकडे, महिनाभर दुसरीकडे मुक्काम. शंभराचे पन्नास होतात, पन्नासाचे पंचवीस, आणि शेवटी एकाची तरी गरज काय, असे मुली विचारतात. म्हणजे अट घालूनही लिअर वादळात उभा राहतो तो राहतोच.

या कायद्याच्या व्याख्येत अपत्य म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाही. पुंडलिकाच्या कथेत देवाला विटेवर तिष्ठत ठेवून मुलगा स्वतः आईबापांची सेवा करतो. प्रत्यक्षात रात्री उठते ती बहुतेक घरांत सूनच. आमच्या घरीही उठण्याची पाळी आमच्यावर फार उशिरा आली, हे इथे सांगायला हवे.

वर्गात हे नाटक शिकवताना आम्ही ‘कृतघ्न मुले’ असे फळ्यावर लिहीत असू. आता घरी ऐंशी ओलांडलेली आई आहे. रात्रीतून दोनदा तिला धरून न्हाणीघरापर्यंत न्यावे लागते. गोळ्या घेतल्याचे ती विसरते आणि पुन्हा मागते. तिसऱ्यांदा मागितल्या की आमचा आवाज चढतो. तो चढला की ती गप्प बसते, आणि मग आम्हाला झोप लागत नाही.

परवा तिने विचारले, “मी इथे अजून किती दिवस राहायचंय रे?”

घर तिच्याच नावावर आहे.