चाकरी आणि इमान

सिल्लोडच्या पूर्वेस, केळणा व जुई ह्या दोन नद्यांमध्यें, असई हें लहानसें गांव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं तेथें दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले ह्यांच्या फौजांचा आर्थर वेलस्लीनें पराभव केला. शिंद्यांपाशीं सुमारें दहा हजार कवायती पायदळ व नामांकित तोफखाना होता. अशा सत्तेचा त्या वर्षीं मोड कां झाला, ह्याचीं कारणें अनेक आहेत. त्यांतील एक माणसांच्या पारखेसंबंधीं आहे.

मराठेशाहींत सरदार सरंजामानें बांधला जाई. तो रुसे, भांडे, प्रसंगीं फिरेही. परंतु त्याचें घरदार ह्याच मातींत असल्यामुळें त्याला फार दूर जातां येत नसे. महादजी शिंद्यांनीं १७८४ मध्यें डी बॉयन ह्यास चाकरीस ठेवलें व त्याच्या पलटणींच्या खर्चासाठीं दुआबांतील मुलूख लावून दिला. मुलूख दिला कीं मनुष्य आपला झाला, हा देशांतील हिशेब परक्यासही लागू धरला गेला. पुढें डी बॉयन कमाई गांठीस बांधून युरोपांत परतला. तेव्हांच तो हिशेब पुन्हां तपासावयास हवा होता. तसें न होतां तेंच पद पेराँ ह्या फ्रेंचाकडे गेलें.

१८०३ च्या ऑगस्टमध्यें युद्ध जुंपलें. ब्रिटिश प्रजाजनांनीं शिंद्यांची चाकरी सोडावी, त्यांच्या निर्वाहाची तरतूद होईल, असा जाहीरनामा गव्हर्नर जनरलनें काढला. अनेक अधिकारी निघून गेले. ४ सप्टेंबरला अलीगडचा किल्ला पडला. शिंद्यांची चाकरी सोडून आलेल्या एका अधिकाऱ्यानेंच इंग्रजांस वाट दाखविली. लगेच पेराँनें कुटुंब व संपत्ती घेऊन इंग्रजांच्या मुलखांतून जाऊं देण्याची विनंती केली. असईस हॅनोव्हरचा पोलमन नेटानें लढला, हें खरें; पण पुढें तोही कंपनीच्या चाकरींत गेला.

ह्या सर्वांस फितूर म्हणणें सोपें आहे. परंतु ते द्रव्य मिळवून स्वदेशीं परतण्यासाठींच आले होते आणि त्यांनीं तेंच केलें. चूक त्यांच्या हेतूंत शोधण्यापेक्षां, आपलाच हेतु त्यांच्या ठायीं कल्पिणाऱ्यांत शोधावी. असईच्या गोलंदाजांस असा जाहीरनामा हलवूं शकला नसता. इंग्रज फळी पुढें सरकल्यावर मेल्याचें सोंग घेऊन पडलेले कित्येक गोलंदाज उठले आणि त्यांनीं तिच्या पाठीवर पुन्हां तोफा डागल्या. वेलस्लीचे पंधराशेंहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. जखमींचें इस्पितळ अजिंठ्यास थाटावें लागलें.

३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगांवच्या तहानें अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडील बहुतेक मुलूख शिंद्यांच्या हातून गेला. इंग्रजांशीं युद्धांत असलेल्या राष्ट्रांचे युरोपीय लोक चाकरीस ठेवूं नयेत, असेंही कलम त्यांत घातलें गेलें. इंग्रजांनीं त्या चाकरीचें मोल नीट ओळखलें होतें. ज्यांनीं ती विकत घेतली, त्यांनींच ती इमान समजून जपली.