सातचा भोंगा: गावाने मिळून मोबाईल बाजूला ठेवला तर?

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की टीव्ही आणि मोबाईल बंद. ८.३० ला दुसरा भोंगा. मधला दीड तास मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. कोरोनात ऑनलाईन शाळेसाठी मुलांच्या हाती मोबाईल आला आणि शाळा उघडल्यावरही तो सुटेना, म्हणून सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय गावापुढे ठेवला.

भोंगा कशाला लागतो, स्वतःहून फोन ठेवता येत नाही का? फार कमी जणांना येतो. एका कामावरून मन दुसऱ्यावर नेलं की आधीचं काम डोक्यात थोडं रेंगाळतं. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये याला ‘लक्षाचा अवशेष’ अशा अर्थाचं नाव दिलं. पुस्तक वाचताना १० सेकंद व्हॉट्सॲप पाहिलं, तरी परतल्यावर तोच परिच्छेद पुन्हा वाचावा लागतो तो यामुळे. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये सांगितलं की, आवाज बंद करून टेबलावर ठेवलेला फोनसुद्धा लक्ष खातो; फोन दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांनी चाचण्या जास्त चांगल्या सोडवल्या. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत मात्र असा फरक दिसला नाही.

रील्सची गोष्ट आणखी वेगळी. बोट सरकवत राहा, खाली नवीन काहीतरी येतच राहतं. ही रचना २००६ च्या सुमाराची. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे, सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर लिहिलेली. तीही उलगडत वाचायची, पण तिला शेवट आहे. फोनवर थांबण्याची जागाच काढून टाकली आहे. एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहताना मिळणारी, नुसतं बसून राहण्याची दहा मिनिटंही मग त्यातच जातात.

वडगावने एक गोष्ट बरोबर ओळखली, असं वाटतं. शेजारच्या खोलीत मालिका चालू असेल तर एकट्या मुलाने पुस्तक उघडून उपयोग नाही. एकांतालाही घरातल्या इतरांची साथ लागते.

हाच भोंगा बीडमध्ये जसाच्या तसा चालेल का? इथे अडचण आहे. दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. बरीच मुलं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. पहाटे फडात गेलेले आई-बाप कोपीवर परतल्यावर, म्हणजे नेमक्या त्याच वेळी, फोन करू शकतात. त्या मुलांसाठी मोबाईल हे व्यसन असेलही, पण आईचा आवाजही त्यातूनच येतो. सरसकट बंदीत तोच तुटेल.

म्हणून फोन आणि इंटरनेट यांत फरक करायला हवा. डेटा बंद केला तरी साधा कॉल येतो. साध्या बटणाच्या फोनवरही तो येतो. त्या दीड तासात फोन उंबऱ्याजवळच्या कोनाड्यात, डेटा बंद आणि रिंग चालू ठेवून राहू शकतो. वाजला तर उचलायचा, बोलायचं आणि परत तिथेच ठेवायचा.