वळिवड्याचा धडा

इंग्लंडमध्ये जून महिन्यात शाळांमधून निर्वासितांचा आठवडा पाळला जातो. तुमची मुलं इथल्या शाळेत असतील, तर त्या दिवसांत घरी एखादा गृहपाठ आलाच असेल: निर्वासित म्हणजे कोण? आमच्याकडे गेल्या वर्षी आला, तेव्हा नऊ वर्षांच्या लेकीने विचारलं, "आई, आपण निर्वासित आहोत का?" मी म्हटलं, "नाही गं, आपण नोकरीसाठी आलो." पुढचा प्रश्न लगेच आला. "मग त्यांच्याशी आपला काय संबंध?"

तुम्हालाही कुणी हे विचारलं, तर नकाशा काढा आणि कोल्हापूरवर बोट ठेवा.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत संघ चालून आले. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधली हजारो कुटुंबं मालगाड्यांत भरून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे पाठवली गेली. पुढे १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावरच हल्ला केला, तेव्हा या पोलिश लोकांची सुटका करण्याचा करार झाला. उपासमारीने आणि आजाराने खंगलेली माणसं १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोहोचली. तिथून काही आफ्रिकेत गेली, काही मेक्सिको आणि न्यूझीलंडला, काही हिंदुस्थानात. जामनगरजवळ बालाचडीला तिथल्या जामसाहेबांनी पोलिश मुलांना आसरा दिला. आणि १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला मोठी छावणी उभी राहिली.

तिथे सुमारे पाच हजार लोक राहिले. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. बराकींच्या त्या वस्तीत शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं. मुलं पोलिश भाषेत शिकत, कारण आपण परत जाणार, असं सगळे धरून चालले होते.

इथे मुलांना थोडं थांबवा आणि विचारा: युद्ध संपल्यावर ती घरी गेली असतील ना?

बहुतेक जण गेले नाहीत. पोलंडचा पूर्व भाग युद्धानंतर सोव्हिएत संघात गेला. घर होतं त्याच जागी, पण देश बदलला होता. छावणी १९४८ मध्ये बंद झाली आणि बरेच जण ब्रिटनला आले. तुमच्या गावातल्या एखाद्या जुन्या पोलिश कुटुंबाची आजी कदाचित लहानपणी पंचगंगेकाठी राहिली असेल.

छावणीची जागा मात्र रिकामी राहिली नाही. फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी लोक तिथे वसले. आज ते गांधीनगर म्हणून ओळखलं जातं आणि कापडाच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. त्यांचंही घर सीमेपलीकडे राहिलं होतं.

हे सांगताना "बघा, आपण किती उदार" एवढ्यावर थांबू नका. छावणी ब्रिटिश सरकार आणि लंडनमधल्या पोलिश सरकारने मिळून उभारली होती. कोल्हापूरकरांनी परक्यांना शेजारी म्हणून जागा दिली. मुलांनी लक्षात ठेवावं ते हे. वर्गात उद्या सीरिया, युक्रेन किंवा सुदानमधून आलेलं एखादं मूल शेजारच्या बाकावर बसलं, तर त्यांना तेवढंच करायचं आहे.

लेकीने गृहपाठात शेवटी एकच ओळ लिहिली: माझ्या आजोळजवळ एकदा पोलंड होतं.