पाणी लागणे, पाणी मानवणे

मराठीत एक जुना शब्दप्रयोग आहे : ‘पाणी लागले’. नव्या गावी गेलेला माणूस तापाने फणफणला किंवा अंगाने सुकत चालला, की घरातली वडीलधारी माणसे म्हणत, ‘तिथलं पाणी लागलं.’ तोच माणूस तिथे चार-सहा वर्षे काढून सावरला, की म्हणत, ‘आता पाणी मानवलं.’

हैदराबादच्या मराठी घरांना हे दोन्ही शब्द चांगले परिचयाचे आहेत. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबादशी जोडलेले होते. तिथून आणि पलीकडच्या मुंबई इलाख्यातूनही शिक्षण, वकिली, सरकारी नोकरी यांच्या निमित्ताने आपली कुटुंबे इथे आली. सुलतान बाजार, गवळीगुडा, काचीगुडा या भागांत स्थिरावली. इथली भाषा, इथले जेवण, इथले ऊन आपल्याला मानवले. पण इथले रोग मानवले का? शरीर खरोखरच एखाद्या रोगाला सरावते का? दख्खनच्या दोन जुन्या दुखण्यांचा इतिहास या प्रश्नाची दोन निरनिराळी उत्तरे देतो. एक हिवताप, दुसरा नारू. गंमत अशी, की पहिल्याचा दोष शतकानुशतके पाण्यावर टाकला गेला आणि तो चुकीचा होता. दुसरा मात्र खरोखरच पिण्याच्या पाण्यातून येत होता.

हिवतापाची गोष्ट आपल्या शहराशी बांधलेली आहे. बेगमपेठच्या जुन्या विमानतळाशेजारी जी टुमदार ब्रिटिशकालीन इमारत आहे, तिथे २० ऑगस्ट १८९७ रोजी लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. हे आपण शाळेत शिकलो. पण त्या शोधाला वाट एका जंताने दाखवली होती, हे सहसा सांगितले जात नाही.

१८७२ मध्ये कलकत्त्यात टिमोथी लुइस यांना माणसाच्या रक्तात केसाहून बारीक, वळवळणारे कृमी दिसले. हत्तीपाय ज्याच्यामुळे होतो त्या फायलेरियाची ही पिल्ले होती. पुढे १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी दाखवून दिले, की रक्त पिणाऱ्या डासाच्या शरीरात ही पिल्ले वाढतात. मग फायलेरियाचा कृमी डासात वाढतो, तर १८८० मध्ये लाव्हरान यांनी अल्जीरियात पाहिलेला मलेरियाचा परजीवीही डासातच वाढत असेल काय? हा प्रश्न मॅन्सन यांनी १८९४ मध्ये लंडनला रजेवर आलेल्या रॉस यांच्या मनात घातला.

मॅन्सन यांचा तर्क अर्धा बरोबर होता. डास एकदाच रक्त पितो, पाण्यावर जाऊन मरतो आणि ते पाणी प्यायल्याने माणसाला रोग होतो, असे ते धरून चालले होते. म्हणजे ‘पाणी लागते’ हाच समज विलायतेतल्या विद्वानांच्याही डोक्यात होता. रॉस यांनी सुरुवातीला डास मेलेले पाणी काही लोकांना पाजूनही पाहिले. त्यातून ठोस काही निघाले नाही. मग ते डासांच्या मागे लागले. सिकंदराबादच्या उकाड्यात, फाडलेले डास उडून जाऊ नयेत म्हणून पंखा बंद ठेवून, घामाने स्क्रू गंजलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली ते शेकडो डास तपासत राहिले. अखेर हुसेन खान नावाच्या रुग्णाने, रक्त प्यालेल्या प्रत्येक डासामागे एक आणा या दराने, ठिपकेदार पंखांच्या डासांना आपले रक्त पाजले. चार दिवसांनी त्यांतल्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. पुढच्या वर्षी कलकत्त्यात रॉस यांनी पक्ष्यांच्या मलेरियावर काम करून परजीवी डासाच्या लाळेपर्यंत पोहोचतो हे सिद्ध केले. माणसांच्या मलेरियाचा उरलेला दुवा त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडला. १९०२ मध्ये रॉस यांना नोबेल मिळाले.

वाट सापडली, पण दुसरा प्रश्न शिल्लक होता. एकाच गावात राहणाऱ्या, त्याच डासांनी चावलेल्या माणसांपैकी काही मरतात आणि काही नुसते कणकणतात, असे का?

त्याचे उत्तर रॉबर्ट कॉख यांनी १८९९-१९०० मध्ये जावा आणि न्यू गिनी इथे शोधले. त्यांनी गावेच्या गावे तपासली. लहान मुलांच्या रक्तात परजीवी भरपूर होता, मोठ्यांच्या रक्तात क्वचित. बाहेरून आलेले मजूर मात्र वय कितीही असो, आजारी पडत; अनेक वर्षे राहिल्यावर तेही सावरत. आपल्या आज्या-पणज्यांचे ‘पाणी मानवणे’ ते हेच. फक्त पाण्याच्या जागी डासाचा दंश घालायचा.

हे कसे घडते? डासाच्या दंशातून परजीवी शरीरात शिरतो, आधी यकृतात लपून वाढतो आणि नंतर रक्तातल्या तांबड्या पेशींत घुसतो. नेहमीच्या प्रकारात त्या पेशी साधारण ४८ तासांनी फुटतात आणि हुडहुडी भरून ताप चढतो. जुन्या माणसांचा एकांतरा तो हाच. बिघडलेल्या पेशी गाळून काढण्याचे काम पानथरी म्हणजे प्लीहा करते, म्हणून ती फुगते. मुलांची पोटे चाचपून वाढलेल्या पानथरी मोजायच्या आणि त्यावरून गावातला हिवताप ठरवायचा, ही पद्धत डेम्पस्टर यांनी १८४०च्या दशकात उत्तर हिंदुस्थानच्या कालव्यांकाठी वापरली होती. इकडे रक्तात परजीवीविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ लागतात. त्यांची ताकद १९६१ मध्ये गॅम्बियात दिसून आली. तिथल्या सरावलेल्या प्रौढांच्या रक्तातून वेगळी केलेली प्रतिपिंडे मलेरियाने आजारी मुलांना टोचली, तेव्हा मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने कमी झाले.

मग एकदा मलेरिया होऊन गेला की गोवरासारखा तो संपत का नाही? कारण हा परजीवी बहुरूप्यासारखा आहे. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरची आपली खूण तो बदलत राहतो. शरीर आज पोलिसाच्या वेषातला बहुरूपी ओळखते, तोवर उद्या तो बैराग्याच्या वेषात दारात उभा असतो. एकेक सोंग ओळखता ओळखता वर्षे जातात. त्या वर्षांत कितीतरी मुले दगावतात. जी वाचतात ती सरावतात. म्हणजे गावाला पाणी मानवले असे आपण म्हणतो, तेव्हा त्याची किंमत कोणी मोजली हे हिशेबात धरत नाही. शिवाय हा सराव कायमचा नसतो. काही वर्षे त्या डासांपासून दूर राहिले, की शरीर शिकलेले बरेचसे विसरते.

नारूची गोष्ट याहून वेगळी. मराठवाड्यातल्या, तेलंगणातल्या कोरडवाहू गावांत पायऱ्यांच्या बारवेत उतरून पाणी भरायची रीत होती. नारू झालेल्या माणसाच्या पायावर फोड येई, आग होई. पाय पाण्यात बुडवला की बरे वाटे. त्याच क्षणी फोडातून मादी कृमी हजारो पिल्ले पाण्यात सोडी. ती पिल्ले सायक्लॉप्स नावाचा पाण्यातला बारीक जीव गिळतो, हे रशियन संशोधक फेडचेंको यांनी १८७० मध्ये पाहिले. त्या जिवासकट पाणी पोटात गेले, की सुमारे एक वर्षाने दीड-दोन हात लांबीचा पांढरा धागा कातडीतून डोके काढी. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळायचा, नेमका पेरणी-कापणीच्या दिवसांत.

आणि पुढच्या वर्षी त्याच माणसाला पुन्हा नारू. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. इथे पाणी कधीच मानवत नसे.

एवढा मोठा परका जीव वर्षभर अंगात फिरतो आणि शरीर गप्प कसे बसते? सगळ्याच जंतांच्या बाबतीत हा प्रश्न आहे. जंताला गिळून टाकणे पांढऱ्या पेशींना शक्य नसते, कारण तो त्यांच्या हजारो पटींनी मोठा असतो. म्हणून शरीराने त्याच्यासाठी वेगळी फौज ठेवली आहे. रक्ताच्या रिपोर्टमध्ये आपण जे इओसिनोफिल वाचतो, त्या पेशी जंताला चिकटून त्याच्यावर जहाल रसायने ओततात. जोडीला आयजीई हे प्रतिपिंड असते, जे १९६०च्या दशकात इशिझाका दांपत्याच्या संशोधनातून पुढे आले. परंतु जंतही कच्च्या गुरूचे चेले नाहीत. अनेक कृमी अशी द्रव्ये सोडतात, की ही फौज शांत राहते. यजमान मेला तर जंतही मरेल, म्हणून भांडण वाढू न देण्यात दोघांचाही फायदा असतो. फायलेरियाच्या अनेक रुग्णांच्या रक्तात रात्री हजारो पिल्ले फिरत असतात आणि माणसाला पत्ताही नसतो.

पण याच फायलेरियावर काहींचे शरीर भलतेच चवताळून उठते. रात्री दम्यासारखा खोकला, छातीत घरघर आणि रक्तात इओसिनोफिलांचा पूर. १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी या विकाराला ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ हे नाव दिले. पुढे हेट्राझानच्या गोळ्यांनी तो बरा होऊ लागला. जुन्या घरांत हे नाव अनेकांना आठवत असेल. त्या रुग्णांच्या रक्तात कृमी शोधून सापडत नसत, कारण शरीर पिल्लांना फुप्फुसातच अडवून मारत होते. दम लागे तो त्या मारामारीने. म्हणजे शरीर गप्प बसले तरी नुकसान, खवळले तरी नुकसान.

म्हणून या दोन्ही रोगांवरचा खरा विजय शरीराच्या सरावाने मिळाला नाही; तो वाट अडवण्याने मिळाला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला देशात नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण होते. नारूवर ना लस होती, ना औषध. पाणी फडक्याने गाळून प्या, बारवेत उतरू नका, पायऱ्या बुजवून तिचा आड करा, हातपंप बसवा, सायक्लॉप्स मारायला विहिरीत औषध टाका. एवढ्यावर काम झाले. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. चुलीपाशी पाणी गाळणाऱ्या बायकांचा या यशात केवढा वाटा आहे, हे इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच येते.

हिवतापाने मात्र हुलकावणी दिली. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना तो होई, असा अंदाज होता. १९५३ पासूनच्या डीडीटी मोहिमेने १९६५ च्या सुमारास हा आकडा लाखावर आला. मग फवारणी ढिली पडली, डास औषधाला दाद देईनासे झाले आणि १९७६ मध्ये रुग्ण ६४ लाखांवर गेले. मधल्या शांत वर्षांत जन्मलेल्या मुलांची त्या परजीवीशी ओळखच झाली नव्हती.

आता ती ओळख आजार न होता करून देण्याचा प्रयत्न चालू आहे. मलेरियाच्या पहिल्या लशीला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये शिफारस दिली. तिच्या उत्पादनाची जबाबदारी आपल्या हैदराबादच्या भारत बायोटेककडे सोपवण्याचा करार त्याच वर्षी झाला. दुसऱ्या लशीला २०२३ मध्ये शिफारस मिळाली. ती ऑक्सफर्डबरोबर पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने तयार केली. दोन्ही लशी परजीवीला यकृतात पोहोचण्याआधीच, म्हणजे बहुरूप्याने सोंग घेण्याआधीच गाठतात. तरीही संरक्षण अपुरे आहे आणि ते काळाबरोबर उतरते, म्हणून पुढचे डोस घ्यावे लागतात. निसर्गाने दिलेला सराव विसरणारा, तसाच माणसाने दिलेलाही.

आपल्या घरांना यातून घेण्यासारखे बरेच आहे. आज आपली मुले न्यू जर्सीत, लंडनमध्ये, सिडनीत आहेत. गणपतीला ती नातवंडांसह येतात, नेमक्या पावसाळ्यात. ‘आपलंच गाव, आपलंच पाणी, त्यांना काय होतंय!’ असे आपण म्हणतो. पण मुलाचा लहानपणीचा सराव पंधरा वर्षांत विरलेला असतो आणि नातवाला तो कधी मिळालेलाच नसतो. आजोबांची प्रतिकारशक्ती आडनावाबरोबर वारशाने येत नाही. अशा पाहुण्यांना मलेरिया झाला तर तो इथल्या माणसापेक्षा जोरात होऊ शकतो. म्हणून ते निघण्याआधी त्यांनी तिथल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इथे संपाचे आणि गच्चीवरच्या टाकीचे झाकण घट्ट असावे, कारण शहरातला मलेरियाचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आणि थंडी वाजून ताप आला, इथे असताना किंवा परत गेल्यावर काही महिन्यांत, तर त्याच दिवशी रक्त तपासावे आणि आपण भारतात जाऊन आलो हे डॉक्टरांना आधी सांगावे. १८९७ मध्ये ज्या थेंबासाठी रॉस यांना इतका घाम गाळावा लागला, तो थेंब आज कोणत्याही प्रयोगशाळेत काही मिनिटांत बोलतो.