फुप्फुसांतील शिबंदी

1956 साली अमेरिकेतील वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेतल्या चिंपांझींना पडसे झाले. नाके वाहू लागली, शिंका येऊ लागल्या, आणि त्या पडशाच्या मुळाशी एक नवा विषाणू सापडला. वानरांचे पडसे म्हणून ही गोष्ट विस्मृतीतही गेली असती. परंतु पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक यांना बाल्टिमोरच्या आजारी अर्भकांत तोच विषाणू आढळला. तान्ह्या मुलांना धाप लावणारा आणि प्रसंगी त्यांचे प्राण घेणारा हा शत्रू होय, हे हळूहळू उघड झाले. शेजारच्या पेशी एकमेकींत मिसळवून त्यांचा गोळा करण्याच्या त्याच्या खोडीवरून त्यास रेस्पिरेटरी सिन्सिशियल विषाणू, थोडक्यात आर. एस. व्ही., असे नाव पडले.

शत्रू ओळखला की लस करावयाची, असा त्या काळचा आत्मविश्वास होता, आणि तो अस्थानीही नव्हता. जोनास साल्क यांनी पोलिओचा विषाणू फॉर्मॅलिनने मारून तयार केलेली लस 1955 मध्ये यशस्वी ठरली होती. तोच मार्ग येथेही चोखाळण्यात आला. विषाणू वाढवला, फॉर्मॅलिनने मारला आणि 1966 च्या सुमारास वॉशिंग्टन येथे लहानग्यांच्या स्नायूंत टोचला. 31 मुलांना ही लस मिळाली. तुलनेसाठी 40 मुलांना दुसऱ्या एका विषाणूची, त्याच पद्धतीने केलेली लस देण्यात आली. टोचणीनंतर रक्तात प्रतिपिंडे दिसली, आणि काम फत्ते झाले असे कोणासही वाटले असते.

मग साथ आली. लस घेतलेल्यांपैकी 20 मुलांना संसर्ग झाला आणि त्यांतील 16 जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. तुलनेच्या गटात संसर्ग झालेली मुले 21. रुग्णालयात गेले ते एक. लस घेतलेली दोन बालके दगावली. रक्षण व्हावे म्हणून आईबापांनीच ती पुढे केली होती, हे ध्यानात ठेवूनच हे आकडे वाचावे लागतात.

हे कशामुळे घडले, ते सांगण्याइतके ज्ञान त्या वेळी जगात कोणापाशीच नव्हते. छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथी ही मेलेल्या पेशींचे स्मशान समजली जात असे. 1961 मध्ये लंडन येथे जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढून टाकली, तेव्हा ते उंदीर रोगजंतूंपुढे हतबल झाले. जिला स्मशान म्हटले ती रक्षकांची तालीम निघाली! तेथे तयार होणाऱ्या पेशींस पुढे टी-पेशी हे नाव मिळाले. प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशी त्यांहून निराळ्या, हे मिलर व मिचेल यांनी मेलबर्नला दाखवून दिले ते 1968 मध्ये. म्हणजे वॉशिंग्टनच्या त्या टोचणीनंतर.

आज त्या अपघाताचा उलगडा बराचसा झाला आहे. फॉर्मॅलिनमुळे विषाणूच्या प्रथिनांचे रूप बदलले होते, म्हणून प्रतिपिंडे त्यास चिकटली तरी नामोहरम करू शकली नाहीत. मारक टी-पेशी विषाणू शिरलेल्या पेशीला ओळखून नष्ट करतात. पण मेलेला विषाणू पेशीत शिरून वाढतच नसल्यामुळे त्या नीट तयार झाल्या नाहीत. उरल्या त्या मदतनीस टी-पेशी, आणि त्यांना वळण लागले ते भलतेच. कृमी आणि ॲलर्जी यांच्या वेळी धावून येणाऱ्या इओसिनोफिल पेशींना त्यांनी फुप्फुसांत बोलावले, असे प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखवले. श्वासाच्या त्या इवल्याशा वाटा विषाणूइतक्याच ह्या गर्दीनेही कोंडल्या.

टी-पेशी कोणत्या वळणाच्या, हा झाला एक प्रश्न. त्या असतात कोठे, हा दुसरा, आणि तो बराच काळ कोणी विचारलाच नाही. त्या रक्तातून गस्त घालीत फिरतात, एवढ्यावर समाधान मानले जाई. न्यूयॉर्क राज्यातील सॅरनॅक लेक हे गाव एकेकाळी क्षयरोग्यांच्या आरोग्यधामासाठी प्रसिद्ध होते. तेथील ट्रूडो संस्थेत हॉगन, वुडलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवले की, श्वसनमार्गाचा आजार बरा झाल्यावरही उंदरांच्या फुप्फुसांत टी-पेशी मुक्काम ठोकून राहतात. पुढे 2011 मध्ये डॉना फार्बर यांच्या गटाने दोन उंदरांचे रक्ताभिसरण एकमेकांस जोडून पाहिले. ह्या पेशी दुसऱ्या उंदरात गेल्या नाहीत. किल्ल्यावरच्या शिबंदीने तट सोडू नये, तशा त्या जागीच राहिल्या. आणि इन्फ्लुएन्झाच्या मारक हल्ल्यात उंदीर वाचवले ते त्यांनीच. प्लीहेतून घेतलेल्या फिरत्या पेशींना ते साधले नाही.

मग दंडावरच्या टोचणीने ही शिबंदी बसते काय? त्याच गटाने 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नाकावाटे दिलेल्या जिवंत, सौम्य केलेल्या लशीने उंदरांच्या फुप्फुसांत अशा पेशी बसवल्या, आणि लशीत नसलेल्या इन्फ्लुएन्झाच्या जातींपासूनही त्यांचा बचाव केला. मृत विषाणूच्या टोचणीने तसे झाले नाही. उंदरांमध्ये ही शिबंदी काही महिन्यांत विरळ होते, ही मात्र मोठीच उणीव.

नाकावाटे लस ही कल्पना आपल्याकडे अपरिचित नाही. लेनिनग्राडच्या शास्त्रज्ञांनी थंड तापमानात वाढवून सौम्य केलेल्या विषाणूच्या आधारे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 2010 मध्ये स्वाइन फ्लूची अशी लस काढली. हैदराबादच्या भारत बायोटेकची, चिंपांझीच्याच एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर बेतलेली, कोविडची नाकातील लस 2022 मध्ये मान्य झाली. तरीही नाक म्हणजे हमखास राजमार्ग, असे समजू नये. अमेरिकेत इन्फ्लुएन्झाची नाकातील लस कमी पडली म्हणून 2016 पासून दोन मोसम तिची शिफारस थांबवण्यात आली होती.

आर. एस. व्ही.ची कथा मात्र लांबली. पेशीत शिरण्यापूर्वी त्याच्या बाह्य प्रथिनाचे रूप कसे असते, ते 2013 मध्ये मॅक्लेलन, ग्रॅहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडले. त्या रूपावर घडवलेल्या लशी 2023 मध्ये अमेरिकेत साठीपुढील माणसांसाठी, आणि त्यांपैकी एक गर्भवती स्त्रियांसाठीही, मान्य झाल्या. आईची प्रतिपिंडे नाळेतून बाळास पोचतात, आणि पहिले नाजूक महिने निभावतात. ज्याच्या फुप्फुसांनी हा विषाणू कधी पाहिलाच नाही अशा बाळाला स्वतःची लस देणे अद्यापि अवघडच आहे. 2024 मध्ये निराळ्या, अगदी आधुनिक पद्धतीच्या लशीची अर्भकांवर चाललेली एक चाचणी, लस घेतलेल्यांत गंभीर आजार अधिक दिसल्यामुळे, थांबवावी लागली.