कुलूप तेच, किल्ली नवी

दार आपलेच आहे, कुलूपही धड आहे. पण ज्याच्याजवळ किल्ली होती त्याचा भरवसा उरला नाही. अशा वेळी करावे काय? हा प्रश्न घराचा म्हणून आपण लहान समजतो. शहापूरजवळच्या माहुलीगडाने तो राज्याच्या मापाने पाहिला आहे.

१६३६ मध्ये शहाजीराजांना मोगल व आदिलशाही फौजांच्या वेढ्यापुढे हा गड सोडावा लागला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात दिलेल्या २३ किल्ल्यांत माहुली होता; १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. तट तेच, दरवाजे तेच; धनी मात्र दर खेपेस नवा. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र तर याच्याही पुढे जाते. गडाचा हवालदार ३ वर्षांनी, सरनोबत ४ वर्षांनी आणि सबनीस व कारखानीस ५ वर्षांनी बदलावा, असे त्यात सांगितले आहे. माणूस बेइमान ठरेपर्यंत वाट पाहू नये, हा त्यातला शहाणपणा आम्हांला मोठा वाटतो.

गंमत अशी की, किल्ला आणि किल्ली हे शब्द सख्खे भासले तरी त्यांचे कूळ वेगळे. किल्ला अरबी, किल्ली आपल्या ‘कील’पासूनची, म्हणजे खुंटीची. कुलूप हे अरबी ‘कुफ्ल’चे आपण उलटसुलट केलेले रूप. खुंटीचा हा संबंध नुसता शब्दाचा नाही. प्राचीन मिसरातील लाकडी कुलपात अडसराच्या भोकांत खुंट्या पडत, आणि किल्लीने त्या उचलल्या की अडसर सरके.

लायनस येल याने १८६१ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेले कुलूप याच युक्तीचे धातूतले रूप होय. नळकांड्यात एका ओळीने पिनांच्या जोड्या असतात. योग्य किल्ली घातली की प्रत्येक जोडीचा सांधा गाभ्याच्या कडेशी येतो आणि गाभा फिरतो. कारागीर गाभा काढून नव्या किल्लीच्या दातांच्या मापाने पिना बसवितो. मग जुनी किल्ली आत जाते, पण फिरत नाही. कुलूप तसेच ठेवून किल्ली बदलण्याची सोय त्याच देशात सॉलोमन अँड्र्यूज याने १८३६ मध्येच करून ठेविली होती. वकिली सोडून कुलपांकडे वळलेल्या अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कारखाना काढला. लिव्हरच्या कुलपात पिनांऐवजी पाने असतात. कुलूप उघडता येण्याजोगे असेल, तर पानांचा क्रम बदलूनही नवी किल्ली करता येते.

वासिंद-आसनगावकडे नव्या इमारतींत घर घेणाऱ्याने हे जरूर करून घ्यावे. ताबा मिळेपर्यंत सुतार, रंगारी, वायरमन अशा किती हातांतून किल्ली फिरली, कोण सांगणार? कुणाला चोर न म्हणता, कुणाकडे किल्ली परत न मागता काम होते. भाडेकरू गेल्यावरही तेच.

मुरबाड-शहापूरच्या वाड्यांतील कातकरी कुटुंबाचे तसे नाही. दिवाळीनंतर ते वीटभट्टीवर जाते, आणि कडी-कोयंड्याला लावलेले त्याचे कुलूप रिव्हेट ठोकून बंद केलेले, स्वस्तातले असते. ते फोडल्याशिवाय आतली पाने हाती लागत नाहीत. पावसाच्या तोंडावर परतल्यावर शेजाऱ्याकडून तीच जुनी किल्ली मागून घ्यावी लागते. आणि मधल्या काळात शेजाऱ्याशी बिनसले असेल, तर दगडाने कुलूप फोडून बाजारातून नवे आणावे लागते.